कॅसेट क्र. २३ आणि जर्मनीतला सर्व्हर : प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

सकाळी आप्पांचा फोन, आमच्या नाटक मंडळीचे जुने तबलजी. "अगं, नाटक लावलं की दर दोन मिनिटाला ते गोल फिरायला लागतंय. परवा नांदी संपेपर्यंत माझा चहा गार झाला."

तक्रार जुनीच आहे. पण ५ नोव्हेंबर जवळ आलाय, म्हणून आजपासून वही घातली. मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी आमच्या सांगलीत पहिला खेळ केला. त्या संध्याकाळी मंडळीतले जुने लोक एकत्र बसून आपलीच जुनी नाटकं बघणार आहेत. ज्यांना यायला जमणार नाही ते आपापल्या घरी बघतील. म्हणजे हातात चार आठवडे.

आहे काय ते एकदा लिहून ठेवते. मंडळीच्या तालमींच्या आणि प्रयोगांच्या ७१ व्हीएचएस कॅसेट. आधी ८० होत्या. २०१९ च्या ऑगस्टात गावभागात पाणी शिरलं आणि खालच्या कपाटातल्या नऊ कायमच्या गेल्या. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. त्यानंतर उरलेल्या सगळ्या मी घरी बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या. एक प्रत माझ्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी सांगलीपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब. चुलतभाऊ दादा जर्मनीत असतो, त्याने तिथेच चार टेराबाईटचा स्वस्तातला सर्व्हर भाड्याने घेतला. पैसे तोच भरतो. त्यावर जेलीफिन चालतं, म्हणजे आपल्याच फायली टीव्ही-फोनवर दाखवणारी प्रणाली, मंडळीच्या पंचवीसेक लोकांना लॉगिन दिलंय. बाहेर कुणाला नाही.

साधारण १४० तास, १.८ टेराबाईट.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आधी मोजमाप. माझं घर विश्रामबागेत, लाईन १०० एमबीपीएसची फायबर.

सर्व्हरपर्यंत पिंग जाऊन येऊन १४८ मिलिसेकंद. यात वाईट काही नाही. काचेच्या तारेत प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई ते जर्मनी सरळ रेघ मारली तरी साडेसहा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद झालेच. आणि केबल काही सरळ जात नाही, समुद्रातून वळसे घालत जाते. म्हणजे पिंग कमी करायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. भूगोलाशी कोण भांडणार?

आयपर्फने वेग मोजला. दुपारी दोनला एका जोडणीवर ३८ एमबीपीएस. रात्री नऊला तीच जोडणी ४.२ वर. त्याच वेळी आठ जोडण्या एकदम उघडल्या तर सगळ्यांचे मिळून ३१. म्हणजे पाईप बारीक नाही, एकटी धार बारीक पडतेय. वाटेतली गळती मोजणारा एमटीआर रात्रभर चालू ठेवला. गर्दीच्या वेळी हजारात एखाद-दुसरं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, गळतंय.

हजारात एक म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण पॅकेटं पोचवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो टीसीपी, एखादं पॅकेट गळलं की समजतो, पुढे कोंडी झाली, आणि वेग आवरता घेतो. पुन्हा वेग वाढवायचा तर पोच-पावती यायला हवी, ती येणार १४८ मिलिसेकंदांनी. जुन्या पद्धतीच्या टीसीपीचं १९९७ चं एक ठोकताळ्याचं सूत्र आहे : पॅकेटचा आकार भागिले फेरीचा वेळ, त्याला गळतीच्या वर्गमुळाने भागायचं, १.२२ ने गुणायचं. १४६० बाईट, ०.१४८ सेकंद, हजारात एक. उत्तर येतं साधारण ३ एमबीपीएस. हीच गळती मुंबईतल्या सर्व्हरवर, २० मिलिसेकंदांच्या अंतराने असती, तर सातपट वेग मिळाला असता. गळती तीच, अंतर बदललं की तिची किंमत बदलते. हे सूत्र मी आधी वाचलं होतं, पण आज स्वतःच्या लाईनवर बघितलं तेव्हा पटलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

सर्व्हरवर लिनक्स. टीसीपीचे बफर, म्हणजे वाटेतला माल तात्पुरता धरून ठेवायची जागा, बघितले, कारण सगळीकडे पहिला सल्ला तोच असतो. १०० एमबीपीएस गुणिले ०.१४८ सेकंद म्हणजे वाटेत एका वेळी १.८५ मेगाबाईट माल असायला हवा. सर्व्हरची पाठवण्याची कमाल मर्यादा चार मेगाबाईट. पुरेशी आहे. तरी १६ केली. काही फरक नाही, अपेक्षाही नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. 'स्लो स्टार्ट आफ्टर आयडल' नावाची सेटिंग मुळात चालू असते. टीव्हीवरचं ॲप पुढचे काही सेकंद भरून घेतं आणि थांबतं. जोडणी क्षणभर रिकामी राहिली की लिनक्स कमावलेला वेग विसरतो आणि पुन्हा दहा पॅकेटांपासून सुरुवात करतो. दहा पॅकेटं म्हणजे जेमतेम १५ किलोबाईट. दुप्पट-दुप्पट करत दोन मेगाबाईटपर्यंत यायला सात फेऱ्या, म्हणजे एक सेकंद. दर तुकड्याला एक सेकंद वाया! ती बंद केली. वेगाच्या आलेखातले करवतीचे दाते बोथट झाले, पण रात्री नऊची रडकथा तीच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

बीबीआर लावलं.

लिनक्समध्ये २००६ पासून वेग ठरवण्याचं काम क्युबिक करतं. क्युबिक गळतीकडे बघून वेग ठरवतं. गूगलच्या लोकांनी २०१६ साली बीबीआर आणलं, त्याच वर्षअखेरीस ते लिनक्सच्या ४.९ कर्नलमध्ये आलं. ते गळतीपेक्षा प्रत्यक्ष किती माल पोचतोय आणि फेरीला किती वेळ लागतोय हे मोजून वेग धरतं. सोय अशी की बदल फक्त पाठवणाऱ्याकडे करायचा. आप्पांच्या टीव्हीला यातलं काही कळायचीही गरज नाही. दोन ओळी, सर्व्हर बंद-चालू करायलाही लागला नाही.

रात्री नऊ वाजता एक जोडणी : ३१ एमबीपीएस. परवा ४.२ होती. तीनदा मोजलं, २८, ३१, ३०.

कालची 'आयडल'वाली सेटिंग बीबीआरच्या जोडीला निरुपयोगी ठरते, कारण बीबीआर स्वतःचा वेग स्वतः राखतं. राहू दे. बीबीआरचं हे पहिलं रूप शेजाऱ्याला जरा ढकलूनच पुढे जातं अशी टीका आहे, आणि ती खरी आहे. पण रात्री नऊला नाटक बघणारी आमची चार माणसं समुद्राखालच्या केबलीत कुणाला ढकलणार?

दादाला मेसेज टाकला : "झालं काम." घाई केली.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सोनं द्यायला आप्पांकडे गेले. काकूंनी श्रीखंड-पुरी वाढली आणि आप्पांनी रिमोट हातात दिला. "बघ की तूच."

कॅसेट २३, मंडळीचा १९९४ चा संगीत नाटकाचा प्रयोग. तबल्यावर स्वतः आप्पा. पहिली चार मिनिटं सुरळीत, मग थांबलं. परत सुरू, परत थांबलं. मी फोनवर पिंग बघतेय, वेग बघतेय, सगळं ठीक. आप्पा शांतपणे म्हणाले, "आणि शेवटी-शेवटी तबला मागे पडतोय."

"नेटमुळे असेल, आप्पा."

"नेटमुळे तबला मागे पडतो व्हय?" म्हणाले, आणि सुपारी कातरायला लागले.

मग, जे पहिल्या दिवशी बघायला हवं होतं ते बघितलं : जेलीफिनचा डॅशबोर्ड. आप्पांच्या नावापुढे 'ट्रान्सकोडिंग', म्हणजे व्हिडिओ बघता-बघता दुसऱ्या साच्यात बदलणं, कारण 'व्हिडिओ कोडेक चालत नाही'. पुण्यातून आणखी एक जण बघत होता, त्याच्यापुढेही तेच. हे बदलायचं काम करणाऱ्या एफएफएमपेगच्या नोंदीत वेग ०.८७ पट. सेकंदभराचं नाटक तयार करायला सर्व्हरला सेकंदाहून जास्त वेळ लागतोय. साठवलेलं संपलं की थांबणारच. दोन एमबीपीएसची लाईन द्या नाहीतर दोनशेची.

श्रीखंड गोड लागलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

एफएफप्रोबने फायली तपासल्या. खरं तर तपासायचं कशाला, मीच केल्यात त्या. सगळ्या डीव्ही, म्हणजे जुन्या डिजिटल व्हिडिओ साच्यातल्या. उतरवताना मूळ दर्जा जसाच्या तसा राहावा म्हणून डीव्हीत ठेवल्या आणि तशाच वर चढवल्या. डीव्ही म्हणजे २८.८ एमबीपीएस, तासाला १३ जीबी. जतन करायला उत्तम. बघायला मात्र आमच्या कुणाच्याच टीव्हीचं किंवा फोनचं ॲप ते उघडत नाही. त्यामुळे कुणीही 'प्ले' दाबलं की सर्व्हर बिचारा सगळं नव्याने एच.२६४ या सगळीकडे चालणाऱ्या साच्यात शिजवायला बसतो. सर्व्हर साठवणीसाठी घेतलेला, दोन कोअरचा मरतुकडा प्रोसेसर. एका माणसापुरतं कसंबसं निभतं, दुसरा आला की संपलं.

म्हणजे गोदामात पोती भरून भात ठेवलाय आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नव्याने कांडून देतोय. कांडून ठेवा की एकदाच.

आठवडाभर मी रस्त्याचे खड्डे भरले. ते भरायला हवेच होते, पण गाडी खड्ड्यामुळे थांबत नव्हती.

ठरलं ते असं : मूळ डीव्ही जर्मनीत जशीच्या तशी राहणार, तिला हात लावायचा नाही. प्रत्येकीची बघण्याजोगी एमपी४ प्रत तयार करायची आणि जेलीफिनला फक्त ती दाखवायची. हे काम त्या सर्व्हरवर करत बसलं तर दिवाळी उलटून जाईल. माझ्या कपाटातली डिस्क आहेच, घरच्या आठ कोअरच्या डेस्कटॉपवर करायचं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

नमुन्याला कॅसेट २३ मधली दहा मिनिटं.

व्हीएचएसचं चित्र एकाआड एक ओळींनी बनतं. सेकंदाला २५ चौकटी, पण प्रत्येक चौकटीत दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी, म्हणजे खरे ५० क्षण. ओळी सोडवताना सोपा मार्ग म्हणजे २५ वर आणणं. बरेच जण तेच करतात. मी दोन्ही करून बघितलं. २५ ला तबल्यावरची बोटं नुसती धूसर दिसतात, ५० ला बोट उठलेलं कळतं. आकार थोडा वाढतो, वाढू दे. मंडळीचं नाटक आहे, लग्नाची कॅसेट नव्हे.

पहिल्या खेपेला घोळ झाला. टीव्हीवरून उतरवलेल्या फायलींसाठी लिहिलेला माझाच जुना आदेश तसाच चिकटवला. त्यात 'वरची ओळ आधी' असं होतं. डीव्हीत खालची आधी असते. परिणाम असा की नायिका हात पुढे करते, जरा मागे घेते, पुन्हा पुढे करते. आधी वाटलं दिग्दर्शकानेच बसवलंय.

दुसरं म्हणजे दाणे. जुन्या कॅसेटच्या काळ्या पडद्यावर मुंग्या वळवळत असतात आणि एन्कोडर प्रत्येक मुंगी इमानेइतबारे जपायला जातो. बहुतेक बिट त्यातच खर्ची पडतात. हलकासा गाळ काढणारा फिल्टर लावला. त्याने मुंग्या कमी झाल्या आणि ४.१ एमबीपीएसचं २.४ वर आलं. फिल्टर जास्त केला की नटांचे चेहरे मेणाचे दिसायला लागतात, म्हणून अगदी कमी ठेवला.

चौकटीचं प्रमाणही सांगावं लागतं. ७२० बाय ५७६ हे आकडे तसेच घेतले तर सगळे उपाशी दिसतात. ४:३ ची खूण घातली, माणसं अंगाने भरली.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागरी

दूध आटेपर्यंत अर्धा तास मिळाला, तेवढ्यात एक गोष्ट ठरवली. आप्पा कधीच सुरुवातीपासून बघत नाहीत. थेट तिसऱ्या अंकावर जातात, मग दहा मिनिटं मागे, मग पदावर. प्रत्येक उडीला आठ-दहा सेकंद. एच.२६४ तयार करणाऱ्या एक्स२६४ मध्ये पूर्ण चौकट जास्तीत जास्त २५० चौकटींनी येते, उडी मारताना प्लेअरला तिथून सुरुवात करावी लागते. मी दर १०० ला ठेवली, म्हणजे आमच्या ५० च्या हिशेबाने दर दोन सेकंदाला. आकार जरासा वाढला.

आणि अंकांच्या खुणा घालायच्या. आप्पांच्या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या वेळा आहेत : पडदा कधी उघडला, पद कधी लागलं, 'वन्स मोअर' किती. ती वही मागून घेतली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

एन्कोडिंग गुरुवारी रात्री लावलं. डेस्कटॉपवर साधारण पाचपट वेग, १४० तासांना २८ तास लागावेत. शुक्रवारी दुपारी लाईट गेली. यूपीएसने वीस मिनिटं धरलं, मग तोही गप. लाईट आल्यावर स्क्रिप्टने, जी फाईल तयार दिसते ती झाली असं समजून पुढची घेतली. कॅसेट ४० अर्धवट तुटली होती आणि ती 'झाली' म्हणून पुढे सरकली. रात्री यादी चाळताना अडीच तासांचं नाटक ३१ मिनिटांचं दिसलं म्हणून सापडलं.

आता काम चालू असताना वेगळ्या नावाने लिहायचं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं. शिवाय मूळ आणि नवी फाईल यांची लांबी ताडून बघायची. हे आधीपासून असायला हवं होतं.

सगळ्या ७१ मिळून १५१ जीबी. १.८ टेराबाईटच्या जागी.

२१ ऑक्टोबर, सोमवार

रात्रभर वर चढवलं, आरसिंकने, तुटलं तर तिथूनच पुढे. आधी वेग मिळेना, ९ एमबीपीएस. मग लक्षात आलं, आता पाठवणारी मी आहे. बीबीआर सर्व्हरवर लावलंय, माझ्या डेस्कटॉपवर क्युबिकच. इथेही लावलं, ३० च्या आसपास गेलं. सकाळी साडेआठला संपलं.

लगेच माझ्या टीव्हीवर लावून बघितलं. डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्ले', म्हणजे फाईल आहे तशीच जातेय. सर्व्हरचा प्रोसेसर तीन टक्के. पण सुरू व्हायला सहा सेकंद! एमपी४ ची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी जाऊन बसली होती. प्लेअर आधी पहिलं पान उघडतो, मग शेवटचं, मग परत पहिलं, प्रत्येक खेपेला जर्मनीची वारी. 'फास्टस्टार्ट' घालायचं विसरले, दुसरं काही नाही. अनुक्रमणिका पुढे आणायला पुन्हा एन्कोड करावं लागत नाही, नुसती नक्कल करावी लागते. ती सर्व्हरवरच केली, दुपारपर्यंत सगळ्या झाल्या. आता सुरू व्हायला दीड सेकंद.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सर्व्हरची डिस्क विनाकारण खडखडतेय. बघितलं तर जेलीफिनच्या पुढे बसवलेलं एनजिनेक्स, बघणारे आणि जेलीफिन यांच्यातला मध्यस्थ. ते आतून फाईल भराभर ओढून घेतं आणि बघणाऱ्याने मागेपर्यंत तात्पुरत्या फाईलीत साठवतं, एकेका बघणाऱ्यामागे एक जीबीपर्यंत. 'प्रॉक्सी बफरिंग' बंद. एका ओळीचं काम.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री नऊ, आप्पांच्या घरी. मुद्दाम हीच वेळ.

पहिल्या वीस मिनिटांत एकदाच थांबलं. पण एकदा तरी का? लॅपटॉप टीव्हीच्या शेजारी ठेवून पिंग लावला. १५० असायचा तो ७०० वर उड्या मारतोय, अधूनमधून पॅकेट गायब. दोन वेगळी दुखणी निघाली.

एक म्हणजे भिंत. गावभागातला जुना वाडा, माजघराची भिंत दीड हात जाड. राउटर ओसरीत, टीव्ही माजघरात, मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय आणि आजूबाजूच्या दहा घरांचे वायफाय. याला केबलशिवाय इलाज नाही. पंधरा मीटर केबल सोबत नेलीच होती. टीव्हीचं पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे, आपल्याला हवेत अडीच. काकूंची अट एकच : देवघराच्या दारावरून न्यायची नाही. स्वयंपाकघराकडून वळसा घातला, चार मीटर कमी पडली, शेवटी नातवाने त्याच्या खोलीतली जोडून दिली.

दुसरं दुखणं नातवाचाच फोन. रोज रात्री वायफायला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला सुरुवात. वर जाणारी वाट भरली की टीव्हीच्या पोच-पावत्याही त्याच रांगेत अडकतात, आणि पावती नाही म्हणून खाली येणारा मालही मंदावतो. चांगला राउटर असता तर रांग नीट लावता आली असती, हा कंपनीने दिलेला, त्यात काही बदलता येत नाही. नातवाशी बोलणी केली. फोटो आता फोन चार्जिंगला असतानाच चढतील, म्हणजे तो झोपल्यावर. पिंग १५२ वर स्थिर.

तिसरा अंक पूर्ण बघितला, एकदाही थांबलं नाही. काकू मध्येच येऊन उभ्या राहिल्या, विंगेत दिसणाऱ्या एका बाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मीच की ही." थर्मास घेऊन उभ्या.

आप्पा : "छान. तबला मात्र मागेच आहे."

टीव्हीचा आवाज उशिरा येत असेल, असं मी म्हणाले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज थोडा पुढे-मागे करता येतो, तो करून दिला. आप्पांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की कसं, सांगता येत नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

अंकांच्या खुणा २६ नाटकांना घातल्या. उरलेल्या तालमी, त्यांना अंक कुठले.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

सगळे घरी, सगळ्यांना वेळ. संध्याकाळी सात जण एकदम बघत होते : सांगलीत तीन, पुण्यात तीन आणि जर्मनीत दादा स्वतः. सातही डायरेक्ट प्ले. सर्व्हरमधून १७ एमबीपीएस बाहेर, प्रोसेसर चार टक्के. सर्व्हर मुंबईला हलवावा असा एक विचार मनात होता, तो सोडला. अडीच एमबीपीएसला जर्मनी काय नि मुंबई काय. जास्तीचे पैसे मात्र दर महिन्याला लागले असते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मंडळीच्या खोलीवर चाळीसेक माणसं, प्रोजेक्टर, भडंग, चहा. तिथे नेट नाही म्हणून कॅसेट २३ लॅपटॉपवर घेऊनच गेले. एवढा सगळा खटाटोप सर्व्हरसाठी, आणि मुख्य खेळ पेन ड्राइव्हने नेलेल्या फाईलीवरून. असो, घरून बघणारे नऊ जण होते.

शेवटचं पद लागलं. आप्पा पहिल्या रांगेत, मांडीवर बोटं. दोन-तीन आवर्तनांनंतर बोटं थांबली आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

इथे नेट नव्हतं. टीव्ही नव्हता. सर्व्हर नव्हता. आणि तबला मागे होता.

६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मूळ डीव्ही फाईल उघडली. नांदीच्या आधी कुणीतरी टाळी वाजवतं तिथे चित्र-आवाज एकत्र. दोन तास वीस मिनिटांनी, पडद्याआधीच्या शेवटच्या थापेला, आवाज ०.३४ सेकंद उशिरा. मध्यावर मोजलं, ०.१७. म्हणजे उडी नाही, हळूहळू घसरत जातोय.

घरगुती डीव्हीत आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळाला बांधलेलं असेलच असं नाही. माझ्याकडचं कन्व्हर्टर स्वस्तातलं होतं. ते सेकंदाला ४८,००० ऐवजी ४८,००२ नमुने घेत होतं, आणि फाईलीवर मात्र ४८,००० च लिहीत होतं. ८,४०० सेकंदांना ०.३४ चा हिशेब बरोबर जुळतो. म्हणजे दोष चार वर्षं फाईलीतच होता, नेट लागायच्याही आधीपासून. अर्ध्या तासाच्या तालमीत कुणाला कळणार नाही, अडीच तासांच्या नाटकात तबलजीला कळतो. मी महिनाभर त्यांना नेट, मग टीव्ही, असं सांगत होते.

२२, २४ आणि ५१ तपासल्या. घसरण तितकीच. कन्व्हर्टर एकच, म्हणजे सगळ्या ७१.

दुरुस्ती : आवाज ४८,००२ चा आहे असं सांगायचं आणि तिथून ४८,००० वर आणायचा. सुराला याचा धक्का लागत नाही, फरक कानाच्या पलीकडचा. चित्राला हात लावायचा नाही. आवाज मूळ डीव्हीतून, चित्र नव्या एमपी४ मधून, दोन्ही सर्व्हरवर आहेतच, त्यामुळे पुन्हा काही चढवायला नको. नुसता आवाज शिजवायला त्या मरतुकड्या प्रोसेसरलाही जमतं. या वेळी 'फास्टस्टार्ट' आदेशात आधीच घातलं. रात्री ११.४० ला लावलं, पहिली २३.

७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आप्पांना फोन करून सांगितलं, शेवटचं पद परत बघा. टीव्हीतली आवाजाची सेटिंगही नातवाकडून पूर्ववत करून घ्या.

दुपारी त्यांचा फोन आला. "बघितलं. दुसऱ्या अंकात पेटीवर कोण आहे ते खाली लिहिलं नाहीस तू. वहीत आहे बघ नाव, पान अकरा. घाल."

घातलं. बाकीच्या ७० पैकी ३३ झाल्यात.